बाप्पाखालचे चार टायर

टायर या वस्तूचा माणसाला इतका संताप येऊ शकतो, हे जपानला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पुण्यात टायरशी माझं नातं पंक्चरपुरतं. टायर काळा असतो, गोल असतो, आणि पार गुळगुळीत झाला की आमचे वडील त्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "अजून एक वर्ष सहज जाईल." विषय संपला. ऋतू बदलला म्हणून माणसं स्वेटर काढतात. टायर काढणारी माणसं मी पहिल्यांदा त्सुकुबात, आम्ही राहतो त्या गावी, पाहिली.

इथे नोव्हेंबर लागला की पार्किंगमध्ये भेटणारा प्रत्येक शेजारी "थंडी पडली, नाही?" म्हणतो आणि लगेच टायरवर येतो. उन्हाळी टायर थंडीत कडक होतात, ते उतरवायचे. हिवाळी चढवायचे. त्यांना इथे स्टडलेस म्हणतात. त्यांचं रबर मऊ असतं आणि ते गोठलेल्या रस्त्याला धरून राहतात म्हणे. मार्चमध्ये हीच वरात उलटी. बरं, उतरवलेले चार टायर ठेवायचे कुठे? बाल्कनीत नाही. आमच्या इमारतीच्या नियमाप्रमाणे बाल्कनी ही आग लागल्यावर पळायची वाट आहे. तिथे मी बनियन वाळत घालू शकतो, टायर ठेवू शकत नाही. त्यासाठी गावाबाहेर टायर हॉटेलं आहेत. हो, हॉटेलं! माझ्या घरात पाहुणा आला तर त्याला पाय लांब करायला जागा नाही, आणि माझे टायर हॉटेलात उतरणार.

आणि मग तिसरा प्रकार, ऑल-सीझन. बारा महिने एकच टायर. काढायला नको, घालायला नको, ठेवायला नको. माझ्यासारख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच कुणीतरी तो बनवला असणार. तो कोण ते मला माहीत नाही, हे त्याचं नशीब.

आता गाडी कोण चालवतं ते सांगतो, कारण सगळ्या भडक्याचं मूळ तिथे आहे. गाडी बायको चालवते. मी सकाळी सायकल दामटत स्टेशन गाठतो आणि ट्रेननं टोकियोला, तोयोसुच्या ऑफिसात जातो. गाडीचं स्टिअरिंग माझ्या हाती येतं ते रविवारी, तेही बायको दमलेली असेल तर. तिची प्रयोगशाळा त्सुकुबा डोंगराच्या पलीकडे आहे. मध्ये घाट. वर चढायचं आणि पलीकडच्या अंगानं उतरायचं, रोज सकाळी, एकटीनं. त्या उतारावर झाडी इतकी दाट की हिवाळ्यात दुपारपर्यंत ऊन जमिनीला टेकत नाही. इथलं लायसन्स काढताना ती तीनदा नापास झाली होती. एकदा तर म्हणे वळताना मान पुरेशी वळवली नाही! चौथ्यांदा पास होऊन आली तेव्हा तिनं पेढे वाटले नाहीत, काही नाही, फक्त म्हणाली, "मला हिवाळ्यात स्टडलेस हवेत. बाकी गाडीला तुला काय हवं ते कर."

एक मागणी. एकच.

आणि मी ती पुरी केली होती हो! तेच तर जास्त झोंबतं. ऑगस्टमध्ये आपलंच एक कुटुंब कायमचं पुण्याला परत निघालं होतं. असं कुणी निघालं की घरातला राइस कुकर, पंखे, मुलांच्या सायकली, सगळं विकायला काढतात. त्याला आम्ही सगळे सायोनारा सेल म्हणतो. त्यांची गाडी आमच्याच मॉडेलची, आणि तिचे चार स्टडलेस, रिमसकट, एकच हिवाळा वापरलेले. मी ते जावयासारखे मानानं घरी आणले. हॉटेलात पाठवायचे तर फोन करा, वेळ घ्या, फॉर्म भरा. ते माझ्या जिवावर आलं. टायर दिवाणखान्यात बसून राहिले. घराला रबराचा वास सुटला. बायको रोज विचारायची, "यांचं काय?" मी रोज म्हणायचो, "बघतो."

मग गणपती आले आणि मला माझ्या आयुष्यातली सर्वात हुशार कल्पना सुचली.

दोन टायर इकडे, दोन टायर तिकडे, एकावर एक. वर फळी. फळीवर बायकोची मोरपंखी साडी, चुण्या पाडून जमिनीपर्यंत सोडलेली. त्यावर बाप्पा. काय दिसत होतं सांगू! दर्शनाला आलेली मंडळी विचारायची, एवढा भक्कम चौरंग इथे कुठे मिळाला? मी गूढ हसायचो. आरतीनंतर पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला मखर दाखवलं, दिवे दाखवले, आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. साडीचा काठ वर केला. "बघ आई, खाली काय आहे!"

आईचा चेहरा पडदाभर झाला. "अरे मेल्या, टायर? बाप्पाच्या खाली टायर? आणि आता काय ते परत गाडीला लावणार आहेस?"

तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी दारात आलं आणि फोन बंद झाला.

वाक्य तेवढंच. पण मी पडलो इंजिनियर. मला एक ओळ द्या, मी त्यावर अख्खी सिस्टीम उभी करून देतो. आईच्या त्या एका वाक्यावरून मी असं ठरवलं की ज्या टायरांवर बाप्पा बसले ते आता पवित्र झाले, त्यांना चिखलात फिरवणं आईला मान्य नाही. मी काही फार देवभोळा आहे असं समजू नका. एकादशीला मी ऑफिसच्या कँटीनमध्ये काय खातो ते आईला कळलं तर ती मला घरात घेणार नाही. खरी गोष्ट वेगळीच होती. तोवर मी ऑल-सीझनच्या प्रेमात पडलो होतो. तिन्ही प्रकारांची तुलना करणारा लांबलचक लेख मी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला होता, तक्ते काढून, रंग भरून. लोकांनी अंगठे दाखवले होते. एकानं हात जोडले होते. एवढा मान मिळाल्यावर माणसानं घरी स्टडलेस लावायचे? तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"आई नको म्हणाली," मी बायकोला सांगितलं.

"नको म्हणाल्या? असं?"

"स्पष्ट. बाप्पा बसलेत त्यावर."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"कशाला? उगाच मनाला लावून घेईल ती."

बायको म्हणाली, "म्हणजे मी घाटात घसरले तर चालेल. आईंच्या मनाला लागता कामा नये."

"घसरशील कशी? ऑल-सीझन घेतोय ना! त्यांच्या अंगावर डोंगराचं चित्र असतं, आत हिमकण. बर्फात चालतात हे मान्य झालेलं आहे."

"गाडी चित्र बघून थांबते का?"

पण ती आईशी बोलली नाही. सासूबाईंच्या श्रद्धेचा प्रश्न म्हणून गप्प बसली. तिच्या त्या भिडस्तपणाचा मी व्यवस्थित फायदा घेतला.

टायरच्या दुकानातल्या माणसानं ऑल-सीझनचं नाव ऐकून दातांमधून हवा आत ओढली. "बर्फ पडला तर ठीक," तो म्हणाला, "पण गोठलेल्या रस्त्यावर जरा…"

आणि थांबला. जरा काय? पूर्ण कर की बाबा वाक्य! आयुष्यातली इतकी वर्षं मी या अर्ध्या वाक्यांच्या देशात काढलीत, मला का कळत नाही? ऑफिसात क्लायंट "जरा…" म्हणाला की मी टीमला सांगतो, विसरा, काम गेलं. "जरा…" म्हणजे "अजिबात नाही", हे मी नव्या आलेल्या पोरांना शिकवतो. पण त्या दिवशी मला वाटलं, हा सेल्समनचा डाव आहे, याला माझ्या गळ्यात दोन-दोन सेट मारायचेत. मी म्हटलं, "हेच लावा." तो कमरेत वाकला. त्यानं लावले.

बाप्पाचे टायर मी त्याच मोरपंखी साडीत गुंडाळून फुटॉनच्या, म्हणजे गाद्यांच्या, कपाटात ठेवले. त्यांना हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती. रोज रात्री अंथरूण काढताना ते मला दिसायचे.

डिसेंबर लागला आणि बायको अंधारात उठायला लागली. तिनं घाट सोडून दिला होता. डोंगराला पूर्ण वळसा घालून, सपाटीवरच्या सिग्नलांत अडकत, ती लांबच्या रस्त्यानं जायची. तासभर आधी निघायची. मी पांघरुणातून म्हणायचो, "कमाल हट्टी आहेस. चांगले टायर आहेत, घाटातून जा की." ती दार लावून घ्यायची. आपटायची नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं; निदान भांडता तरी आलं असतं. मला वाटायचं हा सगळा माझा सूड चाललाय. एक बाई रोज काळोखात उठून माझा सूड घेतेय, आणि तो घेताना स्वतःचीच झोप मोडून घेतेय, एवढं अचाट गणित मला पटत होतं.

जानेवारीत आई आली. "थंडी कसली ती एकदा बघून घेते," म्हणाली. कानटोपी, शाल, लोकरीचे मोजे, शिवाय दोन स्वेटर असा तिचा बंदोबस्त होता. ती आली त्याच आठवड्यात शनिवारी बर्फ पडला. रविवारी सकाळी सगळं पांढरंशुभ्र, वर निळं आकाश. आई खिडकीला नाक लावून उभी. मला एकदम स्फुरण चढलं.

"चला," मी म्हटलं, "आईला घाट दाखवू. आणि कुणाला तरी टायरही दाखवू."

बायको म्हणाली, "आज घाटात जाऊ नये."

"आजच तर जायचं!"

ती मागच्या सीटवर बसली. आई पुढे, मांडीवर चहाचा थर्मास. मी चालवायला. चढाला गाडी काय सुंदर चढली म्हणता! ताज्या बर्फावर टायर करकरत होते, एकदाही घसरले नाहीत. मी आरशातून मागे बघत बोलतच होतो. "बघ. आता बोल. हे तुझे ते वाईट टायर."

"पुढे बघ," आई म्हणाली.

माथा ओलांडला आणि आम्ही सावलीत शिरलो. पलीकडच्या उतारावर बर्फ नव्हताच. तो गाड्यांच्या चाकांखाली दबून, रात्रीत गोठून, नुसता चकचकीत थर झाला होता. वळण समोर आलं. मी ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक थरथरला. गाडी थांबली नाही. ती जोरातही गेली नाही, हेच भयंकर. लग्नात नवरी स्टेजकडे जाते तशी ती सावकाश, कुठलीही घाई न करता, वळणाच्या बाहेरच्या बाजूला निघाली. मी स्टिअरिंग इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. गाडीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आईनं थर्मास छातीशी धरला. मग डावीकडचं पुढचं चाक रस्त्याकडेच्या गटारात पडलं, खालून खाड्कन आवाज आला आणि आम्ही तिरके होऊन थांबलो.

कुणाला काही लागलं नाही. गटाराच्या पुढे कठडा होता. कठड्याच्या पलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसत होते.

"ही ती जागा," बायको मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "उद्या सोमवार. घाटातून गेले तर सकाळी मी इथे असेन. गाडीत दुसरं कुणी नसेल."

मी काय बोलणार? लेख वाचून दाखवणार?

आई वळली. "अगं, घाटातून गेलीस तर म्हणजे? तू रोज याच वाटेनं जातेस ना?"

"नाही आई. लांबून जाते. म्हणून तर काळोखात निघते."

"का पण?"

"टायर हे असे आहेत म्हणून."

"मग ते दुसरे आहेत ना? गणपतीत हा दाखवत होता ते? थंडीचेच आहेत असं दुसऱ्या दिवशी फोनवर तूच मला सांगितलेलंस."

मला गाडीतून उतरून चालत पुण्याला जावंसं वाटलं.

"ते लावायचे नाहीत असं तुम्हीच म्हणालात ना, आई," बायको म्हणाली. एकेक शब्द सुटा करून.

"मी?"

"बाप्पा बसले त्यावर म्हणून."

आई हळूहळू माझ्याकडे वळली. शाळेत तिनं चाळीस-चाळीस पोरं सांभाळली आहेत. ती नजर मी ओळखतो. "मी असं कधी म्हणाले?"

"तूच म्हणालीस, आता काय ते परत गाडीला लावणार आहेस!"

"अरे, विचारलं मी! गाडीचे टायर काढून बाप्पाच्या खाली सारलेस की काय, असं वाटलं मला! बाप्पाला बसायला टायर दिलास याचा राग आला होता मला. लावू नकोस असं कोण म्हणालं? उत्तरपूजा केली होतीस ना?"

"केली होती."

"मग? उत्तरपूजा झाल्यावर काय उरतं? फळी माळ्यावर जाते, समई घासून ठेवतो. आपल्या गणपतीच्या चौरंगावर बसून तुझे वडील वर्षभर दाढी करायचे! आणि तू त्या टायरांना कपाटात साडी नेसवून ठेवलंस?" तिनं दम घेतला. "देवाच्या नावावर ही पोर घसरली असती तर? आणि वर माझं नाव! तुला कंटाळा आला म्हणून सांगायचं होतंस. फुशारकी मारायची होती म्हणून सांगायचं होतंस. माझ्या आड कशाला लपलास, घोड्या?"

मदतीची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच तिरके बसून होतो. मधूनमधून शेतकऱ्यांचे छोटे ट्रक उतरत येत, स्टडलेसवर, अगदी आरामात. प्रत्येक चालक आमच्याजवळ आला की वेग कमी करी, मान लववी, जणू आम्हाला गटारात त्यानंच घातलं आहे, आणि पुढे जाई. एक, मग दुसरा, मग तिसरा. कुणीतरी खिडकी खाली करून शिव्या घाला रे! पण नाही. मला त्या माना लववणाऱ्यांचा इतका राग आला की मीही रागारागानं मान लववून उत्तर देत होतो.

आईनं थर्मासचं झाकण काढलं. एक कप सुनेला दिला. एक स्वतः घेतला. झाकण लावलं.

"टायर तुझ्यासारखेच निघाले," बायको कप हातात धरून म्हणाली. "आईंसमोर आईंचा, माझ्यासमोर माझा. उतार लागला की कुणाचाच नाही."



गाडी ओढून बाहेर काढल्यावर परत बायकोनं चालवली, लांबच्या रस्त्यानं. आई पुढे. मी मागे, रिकामा थर्मास घेऊन. त्या दोघी माझ्याबद्दल मी तिथे नसल्यासारख्या बोलत होत्या. "लहानपणापासून असाच," आई म्हणत होती. "दूध सांडलं की मांजराचं नाव. आमच्याकडे मांजर नव्हतं."

दुपारी मी पार्किंगमध्ये गुडघ्यांवर बसून चार टायर बदलले. आई घडीच्या खुर्चीवर, शाल गुंडाळून, देखरेखीला. टायरवरचं कुंकू पुसायला मी फडकं घेतलं तर म्हणाली, "राहू दे. उद्या आपोआप जाईल. तू नट आवळ." शेजारचे आजोबा कुत्र्याला घेऊन निघाले होते. थांबले, जॅककडे पाहिलं, टायरकडे पाहिलं. "आत्ता बदलताय?" अतिशय सौजन्यानं विचारलं त्यांनी. जानेवारी संपत आला होता. मी म्हटलं, "हो, जरा…" आणि वाक्य तिथेच सोडलं. त्यांना सगळं समजलं.

संध्याकाळी ग्रुपवर एका नव्या कुटुंबानं विचारलं, आम्ही तिकडे बर्फाळ नागानोकडे राहायला चाललोय, तो ऑल-सीझनवरचा लेख वाचला, तर तेच घ्यावेत ना? मी बराच वेळ टाइप करत होतो, पुसत होतो. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि माझ्याच नावानं लिहिलं, "अजिबात घेऊ नका. गोठलेल्या रस्त्यावर थांबत नाहीत. लेख विसरा." या उत्तरालाही लोकांनी अंगठे दाखवले. त्याच लोकांनी!

सोमवारी ती उजाडल्यावर निघाली. घाटातून. मी ट्रेन सोडली, ऑफिसला उशीर होईल कळवलं, आणि पळायच्या वाटेवर, म्हणजे बाल्कनीत, उभा राहिलो. तिनं वर पाहिलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली. मग मी फोन हातात घेऊन घरभर फिरत राहिलो. ती सावली, तो कठडा, ते शेंडे. फोन वाजेना. मी तो दोनदा बंद करून चालू केला.

स्वयंपाकघरात आईचा फोन टुणकन वाजला. तिनं पदराला हात पुसले, चष्मा लावला, वाचलं, आणि फोन ओट्यावर उलटा ठेवला.

"काय? कुणाचा?"

"पोचली," आई म्हणाली.

"मला नाही पाठवला."

"कशाला पाठवेल?"

आईला परत जाऊन आता बरेच महिने झाले. पुन्हा हिवाळा आलाय, स्टडलेस चढलेत, बायको रोज घाटातून जाते. आणि पोचल्यावर ती अजूनही कळवते, पण ते पुण्याला. तिथे आईची सकाळची झोप झालेली असते-नसते. मग आई चष्मा शोधते, वाचते, चहा टाकते, आणि सवड झाली की मला तोयोसुला तीन शब्द पाठवते. माझी बायको डोंगरापलीकडे सुखरूप उतरली ही बातमी माझ्यापर्यंत अशी पुण्याहून येते. मला राग येतो. रोज येतो. तो मेसेज येईपर्यंत मी मीटिंगमध्ये कुणाचंही एक अक्षर ऐकत नाही.